विषाणू दारातच बसले

आमच्या सरांचं एक मत तरुणपणापासून जागचं हललेलं नाही: विषाणू पेशीत धडक मारून घुसतो. मला मात्र प्रयोगशाळेत नेमकं उलटं दिसत होतं. विषाणू पेशीला बाहेरून नुसता चिकटतो, आत निरोप जातो, पेशीच्या सांगाड्याचे तंतू हलतात आणि पेशीच त्याला आत ओढून घेते. सर म्हणायचे, पेशी इतकी खुळी नसते.

शेवटी ठरलं, सरांनी स्वतः सूक्ष्मदर्शकातून पाहायचं. दिसलं तर ठीक, नाहीतर त्यावरचं प्रकरण माझ्या प्रबंधातून काढायचं. ते काढलं तर उरणार होती प्रस्तावना आणि आभार.

सकाळी मी बशीतल्या पेशी बर्फावर ठेवून त्यांच्यावर चमकता हिरवा रंग लावलेले विषाणू सोडले. थंडीत ते नुसते चिकटून बसतात, ऊब मिळाली की आत जातात. मग बशी सूक्ष्मदर्शकाच्या पेटीत ठेवली, पेटीचा हीटर लावला आणि सरांना खुर्ची दिली.

सर बघत बसले. मी बाजूच्या पडद्यावर बघत होते. हिरवे ठिपके पेशींच्या कडेला ढिम्म. सरांनी जांभई दिली आणि हे विषाणू माझ्याहून आळशी आहेत असं सुनावलं. बशी सरकवायला पेटीत हात घातला, तर पेटी गारढोण.

"सर, हीटर कोणी बंद केला?"

"मी. किती उकडतंय इथे."

माझं डोकंच फिरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी सरांवर आवाज चढवला. म्हटलं, धडकच मारायची तर थंडीनं विषाणूंचं काय अडलं? सगळे दारात का बसलेत? तंतूच गारठलेत, ओढणार कोण? सरांनी हीटर लावला, कोट काढला आणि घाम पुसत पुन्हा डोळा लावला.

पेटी तापली. पेशीच्या कडेला बारीक बोटं फुटली. एका बोटावरून हिरवा ठिपका सरकत पेशीकडे निघाला आणि आत गेला. मागोमाग दुसरा.

"ही तर स्वतःच ओढून घेतेय गं," सर म्हणाले. "माझ्या जुन्या पेपरातलं चित्र चुकलंय. प्रबंधात तसं लिही. माझं नाव घालून लिही, आडून नको."

भांडायची सगळी तयारी करून आले होते मी. कोणी एवढं मान्य केलं तर काय करायचं, याची तयारी नव्हती. मला रडूच फुटलं.

सरांनी मान न वळवता बशीवर हात आडवा धरला.

"तिकडे जाऊन रड, बशीत पडेल. मला अजून बघायचंय."