दुपारच्या घंटेपर्यंत

"तुम्ही बोलत नाही होय? बरंय. आमच्या घरात एवढंच हवं होतं," असं म्हणून पाहुणा आपणच हसला आणि धापा टाकत पायरीवर टेकला.

पैलवानानं नुसती मान हलवली. पाठीवर लाकडाची मोळी होती, खांद्यावर पाहुण्याची पिशवी. मठाला खालून सातशे पायऱ्या. पाहुणा शंभरातच घामाघूम झाला, तेव्हा पैलवानानं आपणहून पिशवी घेतली होती. पैलवान कधी आखाड्यात उतरला नव्हता. अंगापिंडावरून पडलेलं ते नाव. मठात तो लाकडं फोडी आणि जड असेल ते उचली.

पहाटेच्या प्रार्थनेपासून दुपारच्या घंटेपर्यंत मठात कोणी शब्द काढत नसे. आलेल्यालाही घंटा होईपर्यंत कोण, कुठला, कशाला आलास, हे विचारायचं नाही. पाणी द्यायचं आणि तो म्हणेल तिथं न्यायचं. दुसरा नियम त्याहून कडक होता. कोणावर हात उगारायचा नाही; उगारला तर त्याच दिवशी डोंगर उतरायचा. पैलवान आला होता तो या दुसऱ्या नियमासाठी. खाली असताना किल्ली हरवली एवढ्या कारणावरून त्यानं सख्ख्या धाकट्या भावाला असा मारला होता, की त्याचा एक कान कायमचा गेला. त्याला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत त्यानं मारलं ते फक्त लाकडाला.

पाहुण्यानं खिशातून फोटो काढला. "ही माझी बायको. तुमच्याकडं स्वयंपाकाला आहे म्हणे. तिची आई अंथरुणाला खिळलीय हो. शेवटचं बघायचंय म्हणते लेकीला."

फोटोत आचारीण होती. सगळा मठ त्याच्यापासून चार हात लांब राही. वाईट कोणी वागत नसे, पण त्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. आचारणीलाही होती. तरी दोन वर्षांपूर्वी आल्या आल्या तिनं त्याला फैलावर घेतलं होतं. "दादा, ही ओली लाकडं तुमच्या डोक्यावर पेटवू का? धुरानं डोळे गेले माझे." एवढ्या मोठ्या देहाला कोणीतरी न भिता रागावलं, याचा त्याला इतका आनंद झाला, की आठवडाभर तो एकटाच हसत होता. त्या बाईची आई मरणाला टेकलेली, आणि आपण पायऱ्या मोजत बसलोय! त्यानं पाहुण्याला दंडाला धरून उठवलं आणि उरलेल्या पायऱ्या जवळजवळ ओढतच वर नेलं. चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या देतात, यानं तर चोराचं ओझंही वाहिलं.

आचारीण ओट्याशी कांदे चिरत होती. पैलवानानं दारात पिशवी ठेवली आणि हसून पाहुण्याकडे बोट दाखवलं.

तिनं मान वर केली आणि तिच्या हातातली सुरी गळून पडली.

"चल," पाहुणा म्हणाला. ती हलली नाही. त्यानं तिचे केस मुठीत धरले आणि तिचं कपाळ ओट्याच्या दगडी कडेवर आपटलं. मग पुन्हा आपटलं. कांद्यांवर रक्त उडालं. ती खाली पडली तशी तो तिला लाथा घालू लागला, पोटात, बरगड्यांत, आणि प्रत्येक लाथेला एक शिवी. "दोन वर्षं. दोन वर्षं लोक मला हसतात."

आवाज ऐकून शेजारच्या दालनातले बावीसजण दाराशी आले आणि थांबले. घंटेला अजून वेळ होता. हाताची घडी, तोंडावर बोट, अशी शहाण्या मुलांसारखी सगळी उभी राहिली. कोणी मान खाली घातली, कोणी माळ ओढायला लागलं. मठ चालवणाऱ्या थोरल्या आई डोळे मिटून ओठ हलवत होत्या. आणि सगळ्यांत भयंकर म्हणजे, जिला मार बसत होता तीही ओरडत नव्हती. तीही नियम पाळत होती.

पैलवानानं हात पाठीमागे घेऊन एका हातानं दुसऱ्याचं मनगट आवळून धरलं होतं. इथून उतरलो तर जगात आपल्याला दुसरी जागा नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तेवढ्यात पाहुण्यानं तिच्या तोंडावर पाय देण्यासाठी उचलला, आणि मनगट सुटलं.

पहिल्या ठोशाला पाहुण्याचं नाक फुटलं. दुसऱ्याला तो भिंतीवर आदळला. तिसरा जबड्यावर बसला आणि आत काहीतरी मोडल्याचं पैलवानाच्या बोटांना कळलं. त्याला बरं वाटलं. खोटं कशाला बोलायचं, फार बरं वाटलं. अकरा वर्षं उपाशी माणूस पानावर बसावा तसा तो मारत सुटला. पाहुण्यानं हात जोडले तरी मारलं, मान टाकली तरी मारलं.

"दादा, पुरे! मरेल तो."

आचारीण कशीबशी उठून त्याच्या दंडाला लोंबकळली होती. कोण लोंबकळतंय हे त्यानं पाहिलंच नाही. कोपर मागे झटकलं, ते तिच्या तोंडावर बसलं. ती भिंतीशी जाऊन पडली, तिचा ओठ फाटला, आणि तेव्हा कुठे तो थांबला.

थोड्या वेळानं घंटा झाली, आणि बावीस तोंडं एकदम उघडली. पाणी आणा, पट्टी आणा, अरेरे, केवढा हा अनर्थ. पाहुण्याचा श्वास चालू होता. सहाजणांनी त्याला फळीवर बांधून खालच्या दवाखान्याकडं नेलं.

पैलवान अंगणात मान खाली घालून उभा राहिला. थोरल्या आई त्याच्यासमोर आल्या.

"नियम तू एकट्यानं मोडलास, बाबा. आम्ही बावीस जणांनी पाळला. आता कुणी कुणाला डोंगर उतरवायचा? राहा तू."

त्याला रडू आवरेना. अकरा वर्षांत पहिल्यांदा कोणी त्याला राहा म्हणालं होतं. डोळे पुसत तो स्वयंपाकघरात गेला. आचारीण पाटावर भिंतीला टेकून बसली होती. कपाळाला पट्टी होती, ओठ सुजून वर आला होता.

"ताई, पिशवी मीच आणली त्याची. तुमची आई आजारी आहे म्हणाला."

"आईला जाऊन आठ वर्षं झाली, दादा."

"मला काय माहीत? मी कधी विचारलंच नाही तुम्हाला."

"इथं कोण कुणाला विचारतं? तुम्हाला कोण दोष देतंय?" ती सरळ मनानं बोलत होती. तेवढं ऐकून त्याचा जीव भांड्यात पडला.

तिच्या कपाळावरची पट्टी सुटून डोळ्यावर आली होती. ती नीट करावी म्हणून त्यानं हात पुढं केला.

तिनं दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि गुडघ्यांत मान घालून अंगाचं मुटकुळं केलं.

मग तिनं हात खाली घेतले आणि हसायचा प्रयत्न केला. "सवय हो, दादा. जुनी सवय. तुमचं नाही काही."

"हो," तो म्हणाला.

त्यानं पुढं केलेला हात मागं घेतला आणि दोन्ही हात काखांत घट्ट दाबून धरले.

"येतो मी, ताई."

"कुठं? थोरल्या आईंनी माफ केलं ना तुम्हाला?"

"त्यांनी केलं."

तिला ते कळलं. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं, पण ओठातून पुन्हा रक्त आलं आणि तिनं पदर लावला. राहा असं काही ती म्हणाली नाही. पैलवान तिच्याकडे पाठ न करता, एक एक पाऊल मागं टाकत दारापर्यंत गेला. बाहेर पडेपर्यंत त्यानं काखांतले हात काढले नाहीत.