न लागलेला चटका

नलिनी तर नाचतच चालली होती. चैत्रातल्या अष्टमीची भर दुपार, वरून ऊन आग ओकतंय, खाली डांबर मऊ पडलंय, आणि कारखान्याच्या टाउनशिपमधल्या मोठ्या रस्त्यावरून बायकांचा अनवाणी जथा देवीच्या टेकडीकडे निघालेला. कोणी पळत जाऊन कडुलिंबाच्या सावलीत उभी राहत होती, कोणी कडेच्या वाळक्या गवतावरून चालत होती, कोणी नवस बोलल्याबद्दल मनातल्या मनात स्वतःलाच शिव्या घालत होती. आणि या सगळ्यांच्या पुढे, रस्त्याच्या अगदी मधून, हातातलं पूजेचं ताट जराही न हलवता रत्नप्रभा देवतळे चालली होती. माजघरातून स्वयंपाकघरात जावं तशी.

"रत्नाताई, तुम्हाला भाजत नाही का हो?" नलिनीने मागून विचारलं.

रत्नप्रभा थांबली. खरं तर विचारेपर्यंत तिच्या ते लक्षातच आलं नव्हतं. तिने खाली बघितलं. काळ्या रस्त्यावर आपली दोन पावलं, जोडवी घातलेली, आणि त्यांना काहीही होत नव्हतं.

"नाही ग," ती म्हणाली. "अजिबात नाही."

झालं. बायकांना तेवढंच पुरे होतं. शुक्लाभाभींनी आधी हात जोडले आणि मग तिथेच रस्त्यावर वाकून रत्नप्रभाचे पाय धरले. बोटांना चटका बसला तसा हात मागे घेतला, आणि त्या चटक्याने तर त्यांची खात्रीच पटली. टेकडीवर पोचेपर्यंत ही बातमी पुजाऱ्यापर्यंत गेली होती. त्याने रत्नप्रभाला सगळ्यांच्या पुढे बसवलं, पहिला प्रसाद तिला दिला. हवनाच्या धुरात ती डोळे मिटून रडली. आनंदाने रडली हो, दुसरं काय. देवीने आपलं ऐकलं, एवढंच तिच्या मनात होतं.

ऐकलं म्हणजे काय, तर कांचनचं. कांचन म्हणजे तिची एकुलती एक लेक, मिसरोदला दिलेली. तिचं दोनदा पोट राहिलं आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्याच्या आतच सगळं संपलं. आता पुन्हा दिवस गेले होते आणि या खेपेला चौथा लागला होता. सासूबाईंना संधिवात, म्हणजे बाळंतपण माहेरीच. तसंही ते माहेरीच व्हायचं, आईच्या हातचं. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, बाळाचं न्हाणं, सगळं रत्नप्रभाने मनात कधीच मांडून ठेवलं होतं. चैत्री नवरात्राचे नऊ दिवस पायात वहाण घालणार नाही, असं ती देवीपुढे बोलून बसली ती यासाठीच. नवरा म्हणाला होता, शुगर आहे तुला, कशाला असले उद्योग? सुधाकर देवतळे कारखान्यात फोरमन होता. सेफ्टी शूज न घालता कोणी वर्कशॉपमध्ये पाऊल टाकलं तर त्याला तो गेटवरून परत पाठवत असे. पण देवीच्या बाबतीत बायकोला गेटवरून परत पाठवण्याची त्याची काय बिशाद! कुरकुर करून तो गप्प बसला.

आणि शुगरचं म्हणाल तर रत्नप्रभाच्या हिशेबी ती केव्हाच आटोक्यात आली होती. आधी कितीतरी वर्षं पायांना मुंग्या यायच्या, तळव्यांची आग आग व्हायची, अंथरुणात पाय कुठे ठेवावा कळायचं नाही. मग गेल्या वर्षी ते सगळं आपोआप थांबलं. मुंग्या गेल्या, आग गेली. करंगळीजवळचं जुनं कुरूप ती सुधाकरच्या दाढीच्या ब्लेडने तासायची, तेही दुखेनासं झालं. टाचांच्या भेगांत ती मेण आणि मोहरीचं तेल भरायची, त्यातून कधी रक्त आलं तरी कळायचं नाही. गोळ्यांचा गुण आला म्हणून तिने दवाखान्यात जायचंच बंद केलं. दुखत नाही त्याला डॉक्टर कशाला, सांगा बघू? तुम्ही-आम्हीही असंच म्हणालो असतो.

अष्टमीच्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना तिला फरशीवर ओले ठसे दिसले. तिला वाटलं पाणी सांडलं. पुसून घेतलं तर परत उमटले. मग खाली बसून तिने तळवा उलटा करून पाहिला. चवड्यावर भाकरीवर यावा तसा फोड आला होता आणि तो फुटून कातडं लोंबत होतं. दुसऱ्या पायालाही होता, पण लहान. तिने बोट लावून पाहिलं. काहीच वाटलं नाही. तिने हळद दाबली, जुन्या सुती साडीची पट्टी बांधली आणि नवमीलाही अनवाणीच गेली. नवस शेवटच्या दिवशी मोडायचा आणि त्याचं काही लेकीच्या पोटावर आलं तर, या विचारानेच तिच्या जिवाचं पाणी होत होतं.

नवस फिटला. चप्पल आली, पट्टीवर मोजे आले. एप्रिलात मोजे कशाला, असं सुधाकरने विचारलं तेव्हा ती म्हणाली, भेगांना मलम लावलंय, चादरीला लागतं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, पण हे सहज जमून गेलं. खरं सांगायचं तर तिला पाय दाखवायचाच नव्हता. कॉलनीतल्या बायका आता मुद्दाम येत होत्या. कुणाच्या सुनेला मूल हवं, कुणाच्या मुलाला नोकरी. येऊन त्या तिच्या पाया पडायच्या. ज्या पायांना देवीने सांभाळलं त्यांना फोड आला, हे तिने कोणत्या तोंडाने सांगावं? आणि कांचनला पाचवा लागला होता. सगळं नीट चाललं होतं. नीट चाललेल्या गोष्टीला हात लावायचा नाही, एवढं रत्नप्रभाला कळत होतं. लहान फोड सुकला, मोठा काही सुकेना.

मग घरात वास यायला लागला.

सुधाकरला वाटलं, उंदीर मेलाय. टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये ते नवीन नाही. रविवारी सकाळी त्याने बनियनवर कंबर कसली. गोदरेजचं कपाट सरकवलं, फ्रिज ओढला, दिवाणाखालच्या पेट्या बाहेर काढल्या, माळ्यावरचं गणपतीचं मखरसुद्धा उतरवलं. रत्नप्रभा खुर्चीवर बसून त्याला सांगत होती, शिलाई मशीनच्या मागे बघा, गॅलरीत बघा. ती मनापासून सांगत होती. उंदीर सापडावा असं तिला फार वाटत होतं. शेवटी तो घामाघूम होऊन तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर टेकला आणि तिथे वास सगळ्यात जास्त होता. त्याने तिच्या पायाकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे.

"रत्ना, मोजा काढ."

तिने काढला नाही. त्यानेच काढला. अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडलं होतं. सुधाकरने कारखान्यात माणसांची बोटं मशीनमध्ये गेलेली पाहिली होती, त्या प्रत्येक वेळी तो आधी धावला होता. आज त्याला उठताच येईना.

टाउनशिपच्या दवाखान्याने हात न लावता शहरातल्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे पायांचा म्हणून वेगळा डॉक्टर होता, तरुण, मृदू हिंदीत बोलणारा. पायांनाही वेगळा डॉक्टर असतो हे देवतळ्यांना त्या दिवशी कळलं. त्याने रत्नप्रभाला डोळे मिटायला सांगितलं. एक जाड दोरा पायाला टेकवीन, लागला की हो म्हणा. ती डोळे मिटून बसली. बसली ती बसलीच. डॉक्टर सुरू कधी करणार याची वाट बघत होती. अखेर तिनेच विचारलं, "शुरू किया क्या?"

"हो गया, माँजी," डॉक्टर म्हणाला.

तिने डोळे उघडले. सुधाकर भिंतीकडे तोंड करून उभा होता. दोरा दोन्ही पायांना, जागोजागी, पार नडगीपर्यंत लावून झाला होता.

डॉक्टरने समजावून सांगितलं, आणि रागावून नाही, हेच तिला जास्त लागलं. शुगरने पायांच्या नसा मरतात. आधी मुंग्या येतात, आग होते, मग काहीच होत नाही, आणि लोकांना वाटतं बरं झालं. अशा माणसाने रोज रात्री तळवे आरशात बघायचे असतात. कुरूप घरी कापायचं नसतं. फोड आला, नख काळं पडलं, कुठे सूज किंवा लाली दिसली, जखम दोन दिवसांत सुकायला लागली नाही, की त्याच दिवशी यायचं. पहिल्या आठवड्यात आला असतात तर मलमपट्टीवर भागलं असतं, असंही तो बोलून गेला आणि मग बोलल्याचं त्यालाच वाईट वाटलं.

"दर्द नहीं था, इसलिए नहीं आए," सुधाकर कसाबसा म्हणाला.

"दर्द नहीं था, इसीलिए तो आना था."

रत्नप्रभाला मात्र एकच विचारायचं होतं. त्या दिवशी रस्त्यावर तिला भाजलं नव्हतं ते? डॉक्टरला आधी प्रश्न कळेना. सुधाकरने अष्टमीचं सांगितलं तेव्हा त्याने मान खाली घातली. भाजलं होतं, म्हणाला. सगळ्यांपेक्षा जास्त तुम्हालाच भाजलं, कारण बाकीच्या पळाल्या आणि तुम्ही नाही. तुम्हाला फक्त कळलं नाही.

पाय जाईल की राहील याची तेव्हा अजून धाकधूक होती. पण देवी गेली ती त्याच क्षणी गेली.

आधी दोन बोटं काढली. मग काळेपणा वर सरकला. पुढच्या ऑपरेशनच्या कागदावर सही करायची सोडून सुधाकर तो पुन्हा पुन्हा वाचत बसला, तेव्हा तिनेच त्याला म्हटलं, करा सही, कांचनला सातवा लागायच्या आत मला घरी जायचंय. उजवा पाय गुडघ्याखाली गेला. लेकीला या अवस्थेत धक्का नको म्हणून आधी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं तेव्हा ती पोट सांभाळत आली, कॉटच्या सपाट झालेल्या चादरीकडे तिने पाहिलं आणि म्हणाली, माझ्यामुळे झालं ना ग हे? रत्नप्रभाने तिचं तोंड दाबून धरलं. कॉलनीतल्या बायकाही आल्या. शुक्लाभाभी म्हणाल्या, देवीने बदल्यात घेतलं, लेकीचं राखलं. नलिनीने डोळे पुसले. रत्नप्रभाने कुणाचंच खोडून काढलं नाही. त्यांच्यापाशी होतं ते त्यांच्यापाशी राहू दे, असं तिला वाटलं. तिच्यापाशी आता काहीच नव्हतं.

कृत्रिम पायाचं माप घ्यायला इस्पितळाने बोलावलं आणि दोनदा परत पाठवलं. टोकाची जखम भरत नव्हती. सुधाकर आता रोज झोपायच्या आधी कारखान्यातला टॉर्च घेऊन तिचा डावा तळवा तपासायचा, डोळ्यांत तेल घालून. तिला ते बघवत नसे. ती छताकडे बघत पडून राही.

भाद्रपद सरता सरता कांचनला मुलगा झाला. धडधाकट, केसाळ, आवाजाचा पक्का. इस्पितळातून ती माहेरीच आली, हट्टाने. लाडू नलिनीने वळून दिले, शेगडी सुधाकर पेटवू लागला, न्हाऊ घालायला जवळच्या पिपलानीहून एक मालिशवाली लावली. न्हाणीघराच्या दाराशी खुर्ची टाकून रत्नप्रभा बसायची आणि त्या परक्या बाईच्या पसरलेल्या पायांवर आपला नातू तेलाने चमकताना बघायची. बाई चांगली होती. तिच्यात खोट काढायला जागा नव्हती, याचंही रत्नप्रभाला वाईट वाटे.

एका सकाळी बाई आलीच नाही. पाणी तापलं होतं, पोर भुकेजून रडत होतं, सुधाकर ड्यूटीवर गेलेला. कांचन म्हणाली, आज अंग पुसून घेते. रत्नप्रभा म्हणाली, मला खाली बसव.

कांचन जरा घुटमळली. मग तिने आईला काखेत धरून पाटावर बसवलं, पाठ भिंतीला लावून दिली. रत्नप्रभाने डावा पाय लांब केला. उजव्या बाजूला कांचनने उशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पायाच्या उंचीची करून ठेवली आणि त्या पायाच्या आणि उशीच्या मधल्या खळगीत बाळाला निजवलं. स्वतः दोन्ही हात पुढे करून बसली, न जाणो घसरलं तर. ते घसरलं नाही. आजीच्या तळव्यातलं तेल छातीवर फिरलं तसं रडायचं थांबलं, मुठी सोडल्या, आणि इकडेतिकडे बघायला लागलं. रत्नप्रभाच्या तोंडून जुनी गाणी आपोआप यायला लागली. कांचनने कित्येक महिन्यांत पहिल्यांदा आईला गाताना ऐकलं.

बाळाचं ओझं पायावर होतं, हे रत्नप्रभाला नुसतं दिसत होतं. मध्येच त्याने अंग ताणलं, आणि एक पिवळसर ओघळ तिच्या नडगीवरून घोट्याकडे, घोट्यावरून पाटाकडे उतरत गेला. तिने तो शेवटपर्यंत जाताना पाहिला.

कांचन हसत सुटली. "आई, भिजवलं ना ग तुला?"

"हो ग," रत्नप्रभा म्हणाली. "बघ ना कसं, ऊन ऊन."