टाचा टेका

माझी उंची एकशे पासष्ट सेंटिमीटर आहे, असं मी अठरा वर्षं सांगत आलो. लग्न जमत होतं तेव्हा आईनं मुलीकडच्यांना हा आकडा ठोकून दिला आणि मी आज्ञाधारक मुलासारखा तो जन्मभर सांभाळला. फॉर्मवर एकशे पासष्ट, डॉक्टरकडे एकशे पासष्ट. फक्त शिंपी माझ्या शब्दावर विश्वास न ठेवता टेप लावायचा. तो माणूस मला कधीच आवडला नाही.

मी तिसरीच्या वर्गाला शिकवतो. सगळेच विषय शिकवतो, पण जीव गणितात, त्यातही मोजमापात. 'पट्टी शून्यापासून ठेवायची, एकपासून नाही!' हे वाक्य मी वर्षाला किमान दोनशे वेळा ओरडत असेन. शेजारच्या वर्गातली मुलंसुद्धा ते माझ्या आवाजात म्हणून दाखवतात, आणि हुबेहूब म्हणतात.

दरवर्षी शाळा सुरू झाली की मी दाराशेजारी भिंतीवर कागदी मापपट्टी चिकटवतो. प्रत्येकाची उंची घ्यायची, तक्त्यावर लिहायची, सहामाहीनंतर पुन्हा घ्यायची आणि वजाबाकी करून कोण किती वाढलं ते काढायचं. यंदा मुलांना गंमत वाटावी म्हणून तक्त्यात सगळ्यात वर स्वतःला घालायचं मी ठरवलं. आदल्या संध्याकाळी रिकाम्या वर्गात पट्टी चिकटवली, तिच्यापुढे उभा राहिलो, डोक्यावर वही धरून खूण केली आणि वळून पाहिलं. एकशे साठ.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? स्वतःला तक्त्यातून काढलं असतं. मी पट्टी सोडवली, तळाचे पाच सेंटिमीटर मागे दुमडले आणि पुन्हा चिकटवली. आता ती जमिनीपाशी शून्याऐवजी पाचपासून सुरू होत होती. वर्ग पाच सेंटिमीटरनं उंच झाला, कुणाचं काय बिघडलं? उलट मुलं खूशच होतील, असं मनाला समजावून मी घरी गेलो आणि दोन घास जास्त जेवलो.

बिघडलं ते असं. व्हरांड्यात शाळेची घंटा आहे, तिला दोरी आहे. दर आठवड्याला एका मुलाला घंटा वाजवायचा मान मिळतो. उड्या मारून दोरी दोनदा तुटली, म्हणून मीच नियम केला होता: ज्याची उंची एकशे वीस, त्यालाच घंटा. वर्गात एकशे वीसच्या खाली एकच मुलगी उरली. तिला सगळे बटण म्हणत. बटणासारखीच लहान, गोल आणि घट्ट शिवलेली. तिची उंची तक्त्यावर लागली एकशे अठरा.

"दोनच कमी आहेत," ती म्हणाली. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत ती मैदानातल्या लोखंडी दांडीला लटकू लागली. डबा अर्धा खायची, पळत जायची, लटकायची. हातांना फोड आले, फुटले, त्यांचे घट्टे झाले. मी येता-जाता पाठ थोपटायचो. तिला पाच सेंटिमीटर मी फुकट दिलेत, हे मी तोवर विसरूनही गेलो होतो.

सहामाहीच्या सुट्टीत शाळेला रंग लागला. सुट्टी संपल्यावर मी मोठ्या थाटात दुसऱ्यांदा उंची घ्यायला बसलो. "टाचा टेका, नजर समोर, श्वास सोडा!" पहिला मुलगा तीननं कमी भरला. दुसरी मुलगी दोननं. तिसऱ्याला मी दोनदा मोजलं, तरी तोही खाली आलेला. मग माझी नजर पट्टीच्या तळाशी गेली. तिथं, जमिनीला टेकून, स्वच्छ शून्य होतं.

एव्हाना बटण पट्टीला पाठ लावून उभी होती. एकशे सतरा.

"अठरा होते ना, सर?" तिनं विचारलं.

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. आणि मी, वर्षाला दोनशे वेळा शून्य शिकवणारा माणूस, म्हणालो, "रंगाऱ्यानं पट्टी चुकीची लावलेली दिसते."

रंगारी व्हरांड्यातच होता, खिडक्यांना दुसरा हात देत. मी खापर फोडून मोकळा झालो, तोवर बटण बाहेर गेली आणि त्याला हाताला धरून आत घेऊन आली.

"काका, तुम्ही पट्टी चुकीची लावलीत. सगळे लहान झाले."

रंगाऱ्यानं ब्रश डब्यावर आडवा ठेवला, खिशातून स्वतःची टेप काढली आणि भिंतीला लावली. खाली शून्याला शून्य, वर शंभराला शंभर.

"पट्टी अगदी बरोबर आहे, बाळ. वीस वर्षं भिंती मोजतोय मी."

बटणनं टेपकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं. मग स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. "म्हणजे मी खरंच कमी झाले," ती म्हणाली. "लटकून लटकून कमी झाले." आणि ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली. रडली असती तर बरं झालं असतं.

रंगारी अवघडला. "सर, आधी पट्टी खाली दुमडलेली होती," तो म्हणाला. "चांगली पाच सेंटिमीटर. मला वाटलं पोरांनी कुणीतरी खोडी केली, म्हणून सरळ करून लावली."

खोडी म्हटल्याबरोबर वर्गातला खोडकर मुलगा, ज्याला सगळे उद्योगीच म्हणत, सवयीनं उभा राहिला. "सर, मी नाही!" सगळे हसले. कुणाचाच त्याच्यावर विश्वास बसला नव्हता. माझ्यासाठी दार सताड उघडं होतं. नुसतं त्याच्याकडे रोखून बघितलं असतं तरी पुरलं असतं. खोटं कशाला सांगू, क्षणभर बघितलंही. मग शेवटच्या बाकावरचे ते घट्टे पडलेले हात दिसले आणि माझी मलाच इतकी लाज वाटली की कान गरम झाले.

"पट्टी मी दुमडली होती," मी म्हणालो.

"का?" बटणनं विचारलं.

"मला उंच दिसायचं होतं."

वर्गात इतकी शांतता मी ओरडूनही कधी आणू शकलो नव्हतो. रंगारी हळूच ब्रश उचलून बाहेर गेला. भला माणूस. मी फळ्याकडे वळलो आणि पाठमोराच म्हणालो, "पहिल्या वेळच्या प्रत्येक आकड्यातून पाच वजा करा. मग वाढ काढा."

पेन्सिली चालू लागल्या. कोण दोननं वाढलं होतं, कोण तीननं. शेवटच्या बाकावरून आवाज आला, "एकशे तेरा होते. आता एकशे सतरा. चार." मग जरा मोठ्यानं, "चार, सर! चार कुणाचेच नाहीत!"

"कुणाचेच नाहीत," मी म्हणालो.

मला वाटलं, सुटलो. पण ती तक्त्यापुढे येऊन उभी राहिली, एकेका आकड्यावर बोट ठेवत. बोट उद्योगीपाशी थांबलं.

"उद्योगी एकशे एकवीस होता. म्हणजे एकशे सोळा. त्यानं आठवडाभर घंटा वाजवली. त्याचा हात पुरला." ती माझ्याकडे वळली. "मी एकशे सतरा आहे."

माझा नियम, माझी वजाबाकी, माझीच विद्यार्थिनी. "मधल्या सुट्टीची घंटा तुझी," मी म्हणालो. घड्याळात पाच मिनिटं बाकी होती.

"तोवर तुमची घेऊ," ती म्हणाली. "तक्त्यात सगळ्यात वर तुम्ही आहात."

मी पट्टीला पाठ लावून उभा राहिलो. ती स्टुलावर चढली, माझ्या डोक्यावर वही धरली आणि थांबली. खाली वाकून पाहिलं.

"सर, टाचा टेका."

मी पाहिलं. टाचा वर होत्या. शपथ सांगतो, मी मुद्दाम केलं नव्हतं. अठरा वर्षांत पायांनाच सवय लागली असणार. मी टाचा टेकल्या.

"एकशे एकोणसाठ," तिनं वाचलं. मग वजाबाकी केली. "सर, तुम्ही एकनं कमी झालात." वर्ग हसून हसून बाकांवर पडला. तिनं मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नका. उद्यापासून माझ्याबरोबर लटकत जा."

मग ती व्हरांड्यात गेली. सगळा वर्ग दारात दाटला. तिनं हात वर केला. दोरीचं टोक बोटांना लागलं, पण मुठीत येईना. उडी मारायला बंदी होती. तिनं एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही टाचा उचलल्या.

घंटा वाजली.