बदली माणूस

अन्सार सारंग चार वर्षांत एकदाही दाभोळला गेला नव्हता. सुट्टी दोन वर्षांनी मिळायची, नाही असं नाही. पण त्यासाठी बदली माणूस द्यावा लागायचा, आणि तिथेच सगळं घोडं अडलं होतं.

त्याचा साहेब हॅडली. बहारीनच्या तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, अवालीच्या बंगल्यात एकटा राहणारा अमेरिकन. त्याआधी गडी तिकडच्या धंदेवाईक फुटबॉलमध्ये नाव कमावून आलेला. त्यांचा फुटबॉल म्हणजे आपला नव्हे हां! चेंडू असोल्या नारळासारखा, दोन्हीकडे टोकदार, आणि सगळा कारभार हातांनी. हॅडली त्यात वाइड रिसीव्हर होता. म्हणजे काय, तर मैदानाच्या कडेला एकटं उभं राहायचं, खेळ सुरू झाला की जीव खाऊन पळत सुटायचं, आणि मागून लांबवरून फेकलेला चेंडू पळता पळता झेलायचा. सात वर्षं त्याने हेच केलं. उजव्या गुडघ्याची पार वाट लागली तेव्हा खेळ सुटला, पण खोड कुठली सुटायला! दर शुक्रवारी सकाळी स्वारी झल्लाकच्या समुद्रकाठच्या वाळूवर पळायला हजर, आणि चेंडू फेकायला अन्सार.

कागदावर अन्सार ड्रायव्हर. पण खाडीत बापाबरोबर पागाचं जाळं फेकता फेकता त्याचा हात असा काही बसला होता की चेंडू सांगाल तिथे पडायचा. गुडघ्याला पट्टी बांधणं, बर्फ लावणं, सगळं तोच करी. “तुझ्यासारखा फेकणारा मला क्लबातही मिळाला नाही,” असं साहेब म्हणाला होता. ऐकून अन्सार आठवडाभर हवेत तरंगत होता. येडा कुठला. तिथेच अडकला तो.

बदलीचा रिवाज असा, की आपल्या जागी काम करील असा माणूस गावाहून आणायचा, महिनाभर त्याला शिकवायचं, आणि साहेबाने मान डोलावली की ऑफिसच्या कपाटातला पासपोर्ट हातात. साहेबाचा आधीचा ड्रायव्हर, चिपळूणचा तुकाराम, असाच सुट्टीवर गेला होता, अन्सारला बदली ठेवून. दोन महिन्यांनी परत आला तर साहेब म्हणाला, मला अन्सारच बरा. तुकाराम दहा दिवस खोलीवर बसून राहिला आणि मुकाट गावी गेला. जाताना अन्सारला एक शब्द बोलला नाही. चार शिव्या घातल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून अन्सारने बदलीचं नाव काढलं नाही.

आणि मग त्याच्या हलिमाचं पत्र आलं. “अब्बा, रज्जबच्या महिन्यात निकाह ठरलाय. वली म्हणून तुम्हीच बसायचं. तुम्ही आला नाहीत तर मी होकार देणार नाही, आधीच सांगून ठेवते.” वली म्हणजे मुलीच्या वतीने निकाह लावून देणारा, आणि तो मान बापाचा. अन्सार आधी हसला. मग पत्र तोंडावर धरून ढसाढसा रडला. निघाला तेव्हा पोर पंधरा वर्षांची होती.

त्याने बायकोच्या भावाला, उस्मानला बोलावून घेतलं. खदिजाचा धाकटा भाऊ, घरचा माणूस, पाठीत सुरा खुपसणार नाही. आता तुकारामला तरी अन्सार कुठे परका होता? एका ताटात जेवायचे दोघे. पण निकाहासाठी दुसरा इलाजच नव्हता.

झालं काय, तर उस्मान भलताच चलाख निघाला. आठ दिवसांत रस्ते पाठ. पंधराव्या दिवशी साहेब त्याच्याशी थट्टामस्करी करू लागला. अन्सारशी चार वर्षांत केली नव्हती एवढी!

एकदा गाडीत साहेब जुन्या आठवणी काढत बसला. दर वर्षी सरावाच्या छावणीत एक नवा पोरगा यायचा, म्हणे, त्याची जागा घ्यायला. “मी त्याला सगळं शिकवायचो. एक गोष्ट सोडून.”

“कुठली, साहेब?”

“समोरचा गडी हलायच्या आधी कुठल्या पायावर झुकतो, ते कसं ओळखायचं. ते सांगायचो नाही. त्यावर दोन वर्षं जास्त खेळलो.” साहेब खो खो हसला. अन्सारही हसला, पण त्याचं डोकं कामाला लागलं.

कारण हातचं राखायला त्याच्याकडेही एक गोष्ट होती. साहेबाला चेंडू नेहमी उजव्या खांद्यावरून द्यायचा. डावीकडे गेला तर तो झटक्यात डावीकडे वळणार, आणि सगळा भार त्या सडक्या उजव्या गुडघ्यावर येणार. साहेब हे मेला तरी कबूल करणार नाही. अन्सार ते बघून बघून शिकला होता. त्याने उस्मानला पट्टी शिकवली, बर्फ शिकवला, चेंडूवरची पकड शिकवली, आणि एवढंच पोटात ठेवलं. चार चेंडू हुकतील, साहेब वैतागेल, दोन महिने अन्सारची आठवण काढील. बस्स, एवढाच हिशेब! कुणाचा पाय मोडावा असं त्याच्या मनातही नव्हतं.

शुक्रवारी उस्मानची परीक्षा होती. पहिले दोन चेंडू ठीक गेले. तिसरा डावीकडे गेला. सोडून द्यायचा ना! पण सात वर्षं ज्याने चेंडू सोडला नाही तो आता कुठला सोडायला? साहेब गर्रकन वळला, कट्ट असा आवाज झाला आणि तो वाळूवर कोसळला. चेंडू मात्र छातीशी घट्ट धरलेला. अन्सार बर्फ घेऊन धावला.

मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात साहेबाने निकाल दिला. उस्मान खलास, पुढच्या विमानाने परत. “आणि तू आता कसा जाणार? मला उचलणार कोण? तुझ्याशिवाय माझं पान हलत नाही.”

“साहेब, एकुलत्या एक मुलीचा निकाह आहे. मी पाया पडतो.”

साहेबाने प्लास्टरवरून हात फिरवला. मग म्हणाला, “माझ्या बापाला शनिवारी पुरलं, आणि रविवारी मी खेळत होतो. कोच म्हणाला, तुझी जागा घ्यायला दुसरा कोणी तयारच नाही. कसा असेल? मीच होऊ दिला नव्हता.” त्याने अन्सारच्या हातावर थोपटलं. “मी राहिलो. तूही राहशील.” चांगल्या मनाने बोलला तो, हेच वाईट.

अन्सारच्या ओठांवर आलं होतं. उस्मानची चूक नाही साहेब, मीच सांगितलं नाही त्याला. एवढं बोलला असता तर साहेबाने त्यालाच हाकलला असता, आणि निकाहाला तो मांडवात असता. दार सताड उघडं होतं. पण त्यानंतर काय? नोकरी गेलेला बाप म्हणून सासरच्यांपुढे मिरवायचं? अन्सारने साहेबाची उशी नीट केली. स्वतःची एवढी शिसारी त्याला कधी आली नव्हती.

उस्मानला मुहर्रकच्या विमानतळावर सोडायला तोच गेला. वाटेभर उस्मान रडत होता. “मला जमलं नाही, अन्सारभाई. माझ्यापायी तुमची सुट्टी गेली.”

“पुरे रे,” अन्सार म्हणाला.

गाडीतून उतरल्यावर उस्मानने खिशातून कोरा कागद काढला. “खदिजाआपाचा फोन आला होता. काझी म्हणतात, तुम्ही लेखी अख्तियार दिलात तर तुमच्या जागी दुसरा बसू शकतो. कुणाचं नाव घालायचं?”

कुणाचं घालणार? अन्सारला भाऊ नाही, बाप कधीच गेलेला. त्याने गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं, माझी मुलगी हलिमा हिच्या निकाहात माझ्या जागी माझा मेहुणा उस्मान बसेल. रांगेतल्या दोघा रत्नागिरीकरांनी साक्षीच्या सह्या केल्या.

“ती होकार देणार नाही म्हणालीय,” उस्मान चाचरत म्हणाला.

“देईल. तू विचार.”

“मग काय काय करायचं ते नीट सांगा मला. या खेपेला चूक नको.”

आणि अन्सारने सांगितलं. सगळं सांगितलं, काही म्हणून हातचं राखलं नाही. पानं कुणाला आधी द्यायची ते सांगितलं, नवऱ्या मुलाच्या बापाला कुठे बसवायचं ते सांगितलं. “होकार विचारताना घाई करू नकोस. ती आधी रडेल. रडून झालं की नाक ओढेल, आणि मग बोलेल. तोवर तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहा. काढू नकोस हात.” रांग पुढे सरकली, तरी तो सांगतच राहिला.

उस्मान एकेक गोष्ट मनाशी घोकत होता. पोरगा हुशार होता, एकदा सांगितलेलं कधी चुकत नसे.