फेकणारीचा हात

प्रानोमने चेंडू फेकला आणि ख्वांताचा पाय पुन्हा हवेतच फिरला. चेंडू तिच्या डोक्यावरून विहाराच्या कुंपणापाशी कोंबड्यांत जाऊन पडला.

"आता कोंबड्यांनाच संघात घेऊ या," जाळ्याजवळून त्यांची तिसरी खेळाडू समरुआय म्हणाली. "निदान त्यांचा पाय तरी लागतो चेंडूला."

कुणी हसलं नाही. ख्वांता चेंडू आणायला गेली.

तक्रॉच्या खेळात हाताला काम एवढंच. जाळ्याशी उभी असलेली हाताने चेंडू फेकते. मागे रिंगणात एक पाय रोवून उभी असलेली दुसरा पाय उचलून तो जाळ्यापलीकडे मारते. पुढे सगळा खेळ पायांचा. अकरा वर्षं प्रानोमने फेकला आणि लामदुआनने मारला. परवा लामदुआनला जाऊन शंभर दिवस होणार होते. सकाळी भिक्षूंना जेवण, दुपारी तिच्या नावाने विहाराच्या अंगणात सामना. रिंगणातली जागा तिच्या धाकट्या बहिणीने, ख्वांताने, स्वतः मागून घेतली होती.

"नोम, स्पष्ट बोलते," समरुआय प्रानोमजवळ आली. "आज जमलं नाही तर शहरातून माझ्या भाचीला बोलावते. लामदुआनच्या शंभराव्या दिवशी हसं नको."

ती हळू बोलली होती, तरी कुंपणापाशी ख्वांताची पाठ ताठ झाली.

ख्वांता चेंडू घेऊन परतल्यावर प्रानोमने तिला पहिल्यापासून सांगितलं. "रोवलेला पाय हलवू नकोस. आधी गुडघा, मग पाऊल. नजर चेंडूवर."

"हो, ताई."

चेंडू गेला. पाय पुन्हा रिकामाच परतला. ख्वांता मुकाट्याने खाली बसली आणि घट्टच असलेली बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागली.

वाट बघता बघता प्रानोमच्या हातून चेंडू सवयीने सुटला. रिंगण रिकामं होतं. चेंडू वर चढला आणि एका उंच बाईचं पाऊल जिथवर पोचलं असतं, नेमका तिथून गेला. तिने तो उचलून आणून पुन्हा फेकला. पुन्हा तिथेच.

प्रानोमचा हात खाली आला. रोज पहाटे भिक्षूंना भात वाढून झाला की ती लामदुआनच्या नावाने वाटीतलं पाणी झाडाच्या मुळाशी सोडत असे. इतक्या दिवसांत त्यात खंड पडला नव्हता. संध्याकाळीही आपला हात तेच करत होता, तिलाच देत होता. तिने तळवा कमरेच्या लुंगीला पुसला.

"ख्वांता, चेंडू कुठे हवा ते हाताने का दाखवत नाहीस?"

ख्वांता मान खाली घालून नाडीशी चाळा करत राहिली. "आक्का कधी दाखवायची नाही."

"तिला दाखवावं लागत नव्हतं."

"म्हणून तर. सगळं गाव बघणार. म्हणतील, हिला सांगावं लागतं."



"तिला द्यायचं ते मी तिला सकाळी देते," प्रानोम म्हणाली. "हा चेंडू तुझा आहे. ऊठ. दाखव."

ख्वांता रिंगणात उभी राहिली. तिचा हात संकोचत वर आला आणि खांद्याशी थांबला. तो पाहायचा तर तिच्याकडे पाहावं लागत होतं. इतके दिवस प्रानोमने फक्त पाऊल पाहिलं होतं. कपाळ बहिणीचंच होतं. खालचे डोळे मात्र तिचे स्वतःचे, घाबरलेले.

चेंडू गेला. पायावर खाडकन आवाज झाला, आणि तो सरळ जाळ्यात जाऊन आदळला.

समरुआयने तो जाळ्यातून काढून प्रानोमच्या पायाशी टाकला.

ख्वांताने हात खाली घेतला नव्हता. "ताई," ती म्हणाली, "अजून वीतभर खाली."

अकरा वर्षांत प्रानोमला असं कुणी सांगितलं नव्हतं.

"इतका?" तिने तळव्याने उंची दाखवली.

"आणखी थोडा."

प्रानोमने चेंडू उचलला, आणि फेकण्याआधी थांबून त्या हाताकडे नीट पाहून घेतलं.