आळला!

तुतीचा रस चुलीवर चढला की आमच्या चुस्त गावाकडं कुणाला दुसरं काय सुचत न्हाई. त्या दुपारी सलोमतच्या अंगणात कढई रटरटत हुती, मी जाळ घालत हुते आन तिचा पोरगा तोशतेमिर कधी न्हवं ते एका जागी बसून डाव फिरवत हुता. एरवी हे कार्टं घोड्यावर, न्हाईतर कुणाच्या तरी छपरावर. म्हनूनच शेजारची नोरबुवी आजी तो सुधारल्याबिगर आपली नात ओयजमोल त्याला द्याय तयार न्हवती.

एवढ्यात भिंतीपल्याडनं नोरबुवी आजी वरडली, "सलोमत, आळला का गं?"

सलोमत घामाघूम. "कसला आळतोय आजी! निस्तं पानी! न्यायचा तर न्या, पर मागनं बोल लावू नगा!"

पल्याडनं मग म्हातारी कडाडली, "ऐकलंस ओयजमोल? सख्खी आई सांगतीया! असल्याला मी नात द्यायची व्हय?"

अगं बाई! हूड पोरगा ताळ्यावर आला की त्यालाबी आमी 'आळला'च म्हंतो. म्हातारीनं इचारलं पोराचं, ही बोलली रसाचं! तिकडं ओयजमोल हुंदके द्याय लागली. तोशतेमिरचं तोंड उतरलं, पर डाव काय थांबला न्हाई. थांबला असता तर सगळा रस करपला असता.

मी पळतच गेले आन म्हातारीला हाताला धरून आनली. "आजी, ती रसाचं बोलली वो! तुमीच बघा."

"बघतेच की." पोराकडं ढुंकूनबी न बघता तिनं एक थेंब अंगठ्याच्या नखावर घेतला आन अंगठा उलटा केला. थेंब जागचा हलंना.

"आळला," म्हातारी पुटपुटली.

"आळला!" भिंतीवरनं ओयजमोल किंचाळली. "आजी हो म्हनली!"

सलोमत लई हुशार. घरातनं रोटी आनली आन सोयरीक ठरल्यावर मोडत्यात तशी सगळ्यांदेखत काडकन मोडली. शेजारनी गोळा झाल्या, मी तर नाचायच लागले.

"अगं भवान्यांनो, मी रसाचं म्हनले!" म्हातारी वरडली.

"असंल की," मी म्हनले, "पर मोडलेली रोटी आता कोन जोडनार?"

म्हातारी कमरंवर हात ठेवून तोशतेमिरकडं बघत ऱ्हायली. तो खाली मान घालून अजून ढवळतच हुता.

"जावईबापू," ती खेकसली, "उतरवा आता ती कढई! आनखी आळला तर दगड हुईल!"