वळणावर बंद पडणारी गाडी

मित्रांनो, मोडक्या गाड्यांच्या आवारात पत्र्याच्या कुंपणाला लागून जी निळी गाडी उभी आहे, ती मी. माझ्या एका बाजूचे दोन्ही दरवाजे आत चेपले आहेत. चाकांभोवती गवत वाढले आहे. तुम्हाला वाटेल, ही फार जुनी असावी. तसे नाही. माझ्या मागच्या सीटवरचे कारखान्यातले प्लास्टिक एका कोपऱ्यात अजून तसेच चिकटलेले आहे. म्हातारपण यायच्या आधीच मी मोडीत निघाले.

माझ्या जातीच्या गाड्यांना क्रॉसओव्हर म्हणतात. उंचीने जीपसारख्या, चालवायला मोटारीसारख्या. मी बाजारात आले तेव्हा लोकांनी आम्हाला डोक्यावर घेतले होते. ज्याला त्याला आमच्यातलीच एक हवी होती. मागणी वाढली, तसा कारखान्यातला पट्टाही जोरात पळू लागला. त्या पट्ट्यावर माझा जन्म झाला.

माझ्या पोटात तारांचा जाड जुडगा बसवायला एक बाई उभी असायची. तिला सगळे वायरताई म्हणत. जुडगा एका क्लिपमध्ये दाबायचा आणि ‘कट्’ असा आवाज आला की हात काढायचा, एवढे तिचे काम. माझ्या वेळी तो आवाज आला नाही. तिने पुन्हा दाबून पाहिले. पट्टा सरकतच होता.

“अहो, ही नीट बसली नाही!” ती ओरडली.

“जाऊ दे, पुढे बघतील,” मुकादम म्हणाला.

पुढच्या माणसाला वाटले, मागच्याने पाहिले असेल. त्याच्या पुढच्यालाही तसेच वाटले. मग माझ्यावर झाकण बसले, रंगावर शेवटचा हात फिरला, आणि मी उन्हात येऊन चमकू लागले. तारांचा तो जुडगा मात्र माझ्या पोटात एका धारदार पत्र्याला टेकून लोंबत राहिला.

मला घेतले एका आईने आणि तिच्या मुलाने. आई शाळेत मुलांना पोहायला शिकवायची. निवृत्त होऊन काही वर्षे झाली होती, तरी इमारतीत सगळे तिला पोहण्याच्या बाई म्हणूनच ओळखत. नवरा गेल्यावर साठी उलटून गेलेली असताना ती गाडी शिकली. लोक हसले. शिकवणारासुद्धा पहिल्या दिवशी हसला. पण जिने अर्ध्या गावाच्या पोरांना खोल पाण्यात सोडले, ती स्टिअरिंगला काय घाबरणार? पहिल्याच परीक्षेत ती पास झाली. मुलगा लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत होता. त्याने हौसेने मला पसंत केले. “आई, उंच बसशील, लांबचं दिसेल. आणि हिच्यात सगळं कॉम्प्युटर बघतो,” तो म्हणाला होता.

माझे मुख्य काम एकच होते. आईच्या धाकट्या बहिणीला दवाखान्यात नेणे. तिची मूत्रपिंडे निकामी झाली होती. ठरलेल्या दिवशी मशीनवर रक्त शुद्ध करून घेतले नाही, तर तिचे पाय सुजायचे, श्वास लागायचा. मुलगा तिला मावशी म्हणायचा, म्हणून मीही तिला मनात मावशीच म्हणू लागले. ती मोठी गमतीची बाई होती. तोंडात पेपरमिंट आणि जिभेवर टोमणा, अशी ती माझ्यात बसायची.

“ताई, जरा हळू. मला दवाखान्यात पोचायचंय, दाखल नाही व्हायचं.”

“गप्प बस गं. चाळीसच्या वर तरी गेलेय का मी?”

“तोंडाने चाळीस, पायाने साठ.”

दोघी हसायच्या. जाताना हसायच्या आणि येताना मावशी थकून खांदा टाकून झोपायची. आई मग रेडिओ बंद करून खड्डे चुकवत मला हळू घरी आणायची. मला तेव्हा फार धन्य वाटे. येणारेजाणारे माझ्याकडे वळून बघत. शेजारी माझ्या काचेत भांग नीट करत. आपल्यात काही उणे असेल, असे माझ्या स्वप्नातही नव्हते.

आधी बारीकसारीक तक्रारी सुरू झाल्या. स्टिअरिंगशेजारचा माझा पडदा मध्येच काळा पडे. मागचा दरवाजा बटण न दाबता उघडे. आईने एकदोनदा कानाडोळा केला. मग एके दिवशी, बाजाराजवळच्या चौकात वळताना, एका उंचवट्यावर मी उसळले, पोटातली ती घासलेली तार पत्र्याला चिकटली, आणि मी बंद पडले. चालता चालता. इंजिन गेले, पडदा गेला, स्टिअरिंग दगडासारखे जड झाले.

आईने आरडाओरडा केला नाही. दोन्ही हातांनी जोर लावून तिने मला कडेला घेतले. पुन्हा बटण दाबले. मी लगेच चालू झाले, जणू काही घडलेच नव्हते.

“काय झालं गं?” मावशीने विचारले.

“माहीत नाही. मेलीच एकदम.”

त्यांनी मला दुरुस्तीला नेले. तिथे कडक इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस होता. मावशीने त्याचे नाव साखरपुडी ठेवले होते, कारण तो प्रत्येक वाक्य साखरेत घोळून द्यायचा. त्याने माझ्या अंगाला यंत्र जोडले. यंत्र म्हणाले, काही दोष नाही. आई परत गेली. पुन्हा तसेच झाले. पुन्हा यंत्राने तेच सांगितले. मित्रांनो, मी बंद पडताना माझा कॉम्प्युटरच बंद पडत होता. त्याला काय आठवणार आणि तो यंत्राला काय सांगणार? मला मात्र सगळे कळत होते. फक्त बोलायला तोंड नव्हते.

तिसऱ्या खेपेला मुलगा बरोबर आला. साखरपुडीने त्याला बाजूला घेतले. पण त्याला वाटले तेवढे ते बाजूला नव्हते. आई माझ्यातच बसली होती आणि काच उघडी होती.

“साहेब, राग मानू नका. आईंचं वय काय?”

“पासष्टच्या पुढे.”

“मग तुमच्या लक्षात येतच असेल. या वयात पाय कधी कुठे पडतो, कळत नाही. गाडी शंभर टक्के चांगली आहे. इतक्या गाड्या विकल्या आम्ही, एकही तक्रार नाही.”

हे शेवटचे धादांत खोटे होते. त्याच दिवशी माझ्याशेजारी माझ्यासारखीच एक पांढरी गाडी उभी होती, आणि तिचा मालक चौकात बंद पडल्याबद्दल तावातावाने बोलून गेला होता. त्यालाही यंत्राचा कागद दाखवून वाटेला लावले होते.

घरी येताना मुलाने मला चालवले.

“आई, तुझा पाय चुकून…”

“माझा पाय कुठेही पडला नव्हता.”

“अगं, मशीन खोटं बोलत नाही.”

“आणि मी बोलते?”

“मी कुठे असं म्हटलं? पण मावशी असते तुझ्याबरोबर. उद्या काही झालं तर?”

इमारतीखाली पोचल्यावर त्याने हात पुढे केला. “किल्ली माझ्याकडे राहू दे. दवाखान्याचं मी बघतो.” आईने किल्ली त्याच्या हातात दिली नाही. माझ्या टपावर ठेवली आणि जिन्याकडे वळली.

त्यानंतर मी आईत झालेला बदल पाहिला, आणि तो मला माझ्या चेपलेल्या दरवाजांपेक्षा जास्त सलतो. दुपारी मुलगा कामाला गेला, की ती जास्तीची किल्ली घेऊन खाली यायची. माझ्यात बसायची. मला चालू करायची नाही. नुसते पाय पेडलवर ठेवून बघत राहायची. हा ब्रेक, हा ॲक्सिलरेटर. पुन्हा हा ब्रेक. जिन्यातून कुणी उतरले की घाईने पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखे करायची. हळूहळू तिला स्वतःच्या पायांचीच शंका येऊ लागली. पुढे जिना उतरतानाही ती कठडा धरू लागली.

मुलगा वाईट नव्हता. कामातून वेळ काढून तो मावशीला नेत होता. आई मागे बसायची. मावशी पुढे बसून टोमणे मारायची, पण तिचेही टोमणे आता अर्धेच राहायचे.

“ताई, मागे काय मुक्याचं व्रत घेतलंयस? जरा बोल की. तू बोलत नाहीस तर मला मशीनवर कंटाळा येतो.”

आई हसायची. बोलायची नाही.

एका सकाळी, भरपूर उजेडात, रस्ता कोरडा असताना, मुलाने मला त्याच चौकात वळवले. चाक उंचवट्यावर चढले आणि मी बंद पडले.

“अरे! बंद पडली! आई, पेडल दाबूनसुद्धा काहीच…”

“ब्रेक सोड, उतार आहे, गडगडू दे तिला!” आई मागून म्हणाली. एवढ्या दिवसांत तिचा तो जुना आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

त्याने ब्रेक सोडला. मी गडगडले. अजून थोडे पुढे गेले असते तर सुटलो असतो. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला, ब्रेकही दाबले. त्याची काही चूक नव्हती. भर चौकात मी आडवी उभी राहीन, हे त्याला कसे कळणार? तो मावशीच्या बाजूने धडकला.

मावशी दवाखान्यात पोचली. दुसऱ्या दिवशी ती गेली.

मला साखळीला बांधून या आवारात आणले. काही दिवसांनी मुलगा आला. हाताला प्लास्टर होते. माझ्यातल्या वस्तू घ्यायला तो आला होता. मावशीची शाल, तिचा चष्मा, पेपरमिंटची अर्धी पुडी. पुडी हातात आली तेव्हा तो तिथेच चाकाशी बसला. आई मागे उभी होती.

“आई, तू सांगत होतीस.”

“हो,” आई म्हणाली.

तिने त्याला दोष दिला नाही आणि खोटा धीरही दिला नाही. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “ऊठ. इथे काचा आहेत.”

पुढे किती दिवस गेले कोण जाणे. आवाराच्या राखणदाराचा रेडिओ दिवसभर चालू असतो. त्यावर एकदा माझे नाव आले. कंपनीने कळवले होते की या गाड्यांत तारांच्या जोडणीत दोष असू शकतो, मालकांनी गाड्या तपासून घ्याव्यात. राखणदाराने माझ्याकडे पाहिले आणि कचकचीत शिवी हासडली. ती मला नव्हती.

मग चौकशीसाठी एक अधिकारी आला. त्याने झाकण उघडून तो जुडगा बाहेर ओढला. पत्र्याशी घासून तारेचे कातडे गेले होते आणि आतले तांबे चकाकत होते. आईला आणि मुलाला त्याने जबाबासाठी बोलावले होते. आईने सगळे सांगितले. कधी बंद पडली, कुठे बंद पडली, कोण काय म्हणाले. लिहिता लिहिता त्याने सवयीने विचारले, “आणि आजी, तुमचं वय?”

मुलाने मान वर केली. “आधी ती काय सांगतेय ते लिहा,” तो म्हणाला. “मीही वयच धरून बसलो होतो.”

अधिकारी वरमला. त्याने तार पिशवीत घातली.

ती माणसे निघत असतानाच कुंपणाबाहेरच्या दुकानात हवा भरायला एक गाडी थांबली. माझ्याच रंगाची, माझीच बहीण. आत एक तरुण, शेजारी त्याची बायको, तिच्या मांडीवर बाळ. आई तरातरा तिकडे गेली. कठडा नव्हता, तरी तिचे पाय कुठे अडखळले नाहीत.

“बाळा, ही गाडी चालवू नकोस. हिच्यात दोष आहे.”

“आजी, एकदम मस्त चालते हो,” तो हसून म्हणाला.

“माझीही मस्तच चालायची. ती बघ, तिकडे उभी आहे. त्या बाजूला माझी बहीण बसली होती.”

त्याचे हसू मावळले, पण हात स्टिअरिंगवरून निघाला नाही. “आम्हाला उशीर होतोय,” तो पुटपुटला. त्याच्या बायकोने मात्र कुंपणातून माझ्याकडे पाहिले. माझे दरवाजे पाहिले. मग ती बाळाला घेऊन खाली उतरली आणि आईच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

“अगं, बस ना!”

“मी नाही बसत. आधी दाखवून आण.”

शेवटी त्याने इंजिन बंद केले.

मित्रांनो, उद्या माझे पत्रे कापतील, वितळवतील, त्याचे काहीतरी दुसरे होईल. मला त्याचे दुःख नाही. गाडीची निगा राखा, तेल बदला, टायर बघा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढेच मागते. तुमच्या घरातले कुणी म्हातारे, कुणी लहान, कुणी नवशिके जर म्हणाले की काहीतरी बिघडले आहे, तर त्याला हसू नका. आधी गाडी थांबवा. काय विचारायचे ते मग विचारा.